घाबरलेल्या माश्या

“सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की आज सकाळपासून एकाही मादीनं अंडं दिलेलं नाही!”

बाई ही घोषणा स्टाफरूमच्या दारात उभं राहूनच करायच्या. आत येऊन बसायला वेळ कुणाला होता! त्या वळल्या की आम्ही डबे पुढ्यात ठेवून, माना खाली घालून दुखवटा पाळायचो आणि मग भाजीची देवाणघेवाण सुरू.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात बाई प्राणिशास्त्र शिकवायच्या. शेजारच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये मी होतो. बाईंचा जीव केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांत. “चिलटं नाही हो, फळमाश्या!” नौपाड्यातला केळेवाला त्यांच्यासाठी काळी पडलेली केळी बाजूला काढून ठेवायचा. अंबाड्यात कायम एक बारीक ब्रश खोचलेला. माश्या निवडायचा.

प्रयोगाला लागायच्या कुमारिका. कोशातून बाहेर आल्यावर काही तासांत माद्या वेगळ्या केल्या नाहीत, तर नर त्यांना गाठून मोकळे आणि अंड्यांचा हिशेब वाया. त्यामुळे डोंबिवलीला एका लग्नात बाई भर पंगतीतून उठल्या. “येते हं, मला कुमारिका वेगळ्या काढायच्यात!” वरमाईच्या हातातली जिलेबी हातातच राहिली.

आता पेच ऐका, मंडळी. मे महिन्यात माश्या अंडी कमी का देतात? बाई म्हणायच्या, उन्हाचा ताण. “माशी घाबरते हो! डोक्यात डोपामिनचा गोंधळ, त्यानं हार्मोनचा तोल जातो आणि अंडं अर्धवटच थांबतं.” त्यांच्या पीएचडीचे गाइड म्हणाले, “ताण कसला? उन्हाळ्यात केळ्याचं खाणं नासतं. जूनपर्यंत पुरावा आणा, नाहीतर विषय बदला.” सहा वर्षांचं काम होतं ते.

म्हणून बाईंनी एका लाकडी कपाटाला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि आत बाटल्या ठेवल्या. खाणं तेच, फक्त गारवा. माश्या भराभर अंडी देऊ लागल्या. तेवढ्यात आंबिवलीला सासूबाई पडल्याचा निरोप आला.

“दर तासाला पाणी मारा हं. घाबरवू नका त्यांना!”

“बाई, तुम्ही निर्धास्त जा,” मी छातीवर हात ठेवून म्हणालो आणि जिमखान्यात कॅरम खेळायला गेलो. राणी काही केल्या पडेना. परत आलो तेव्हा चार वाजले होते, गोणपाट पापडासारखं वाळलेलं. मी गुपचूप दोन बादल्या ओतल्या.

दुसऱ्या दिवशी घोषणा झाली नाही. अंडी शून्य, आणि बाई चक्क स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. “गाइडच बरोबर होते. गारव्यातही देत नाहीत. खाणंच खराब.” अंबाड्यात ब्रश नव्हता. संध्याकाळी गाइडना पत्र लिहायचं म्हणाल्या.

मी डबा बंद केला. उठलो, बसलो, पुन्हा उठलो. शेवटी बाईंच्या लॅबमध्ये जाऊन म्हणालो, “बाई, खाणं नाही, मी खराब. गोणपाट वाळलं होतं.”

वाटलं, आता बाटलीच डोक्यात बसणार. बाई ताडकन उठल्या.

“किती वाजल्यापासून?”

“अं… बारा ते चार.”

“अहो, मग माझंच बरोबर! लिहा, रजिस्टरमध्ये लिहा! सही करा!”

त्याच खाण्यावर, कपाट गार होताच, दोन दिवसांत माश्या परत अंडी देऊ लागल्या. बाईंनी पुढे तीनदा मुद्दाम तसंच करून दाखवलं आणि गाइडनी मान डोलावली. माझ्या कॅरमवर त्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे.

बाई गेल्या त्या निवृत्तीनंतर वर्षभरातच. शोकसभेत फोटोपुढे केळेवाल्यानं आणलेली काळी केळी होती. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे. मी मान खाली घातली. स्टाफरूममधला दुखवटा आठवला आणि लाज वाटली. इतक्यात केळ्यांवर एक इवलीशी माशी येऊन बसली. तिला हाकलायला प्राचार्यांनी हात उचलला, आणि त्या शांततेत माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं,

“अहो सर, घाबरवू नका तिला!”