ओनेझीमचं लग्नाचं पीप

आमच्या ओनेझीमची जीभ पार बोन शहराच्या वाइनबाजारापर्यंत गाजलेली. डोळे मिटून वाइनचा एक घोट तोंडात घोळवायचा, की द्राक्षं टेकडीच्या कुठल्या अंगाची आणि त्या साली पाऊस किती झाला, सगळं सांगून मोकळा. पण त्या जिभेनं त्याचं डोकं खाल्लं होतं. ताजं म्हणून काही चालायचं नाही. पाव कालचा, वर्तमानपत्र मागच्या आठवड्याचं, नवे बूट तीन-तीन वर्षं खोक्यात. माणसंही तो तशीच चाखायचा. नव्या पाद्रीबाबांचं पहिलं प्रवचन ऐकून म्हणाला, "अजून बंद आहेत. आठ वर्षांनी खुलतील." माझ्या सासूच्या दफनाला तर चारचौघांत सुस्कारा टाकला, "बाटली जरा लवकरच उघडली." सासू ब्याण्णव वर्षांची होती!

पोस्टातल्या सोलांजशी त्याचा साखरपुडा झाला. आमच्या गावात साखरपुड्याला त्या हंगामाच्या वाइनचं एक लहान पीप भरून तळघरात ठेवतात. वाइन पिकली की पीप फोडायचं आणि लग्न लावायचं. लोक वर्ष-दोन वर्षं थांबतात. पोरीचा बाप तापट असेल तर दोन महिने. ओनेझीम एकवीस वर्षं थांबला.

दर रविवारी प्रार्थना आटोपली की आम्ही तिघं तळघरात उतरायचो. ओनेझीम, पिपं बांधणारा फिरमँ आणि मी. काचेच्या नळीनं वाइन काढायची, मेणबत्तीपुढे धरायची, हुंगायची, घोळवायची. "कोवळी," ओनेझीम म्हणायचा. "फारच कोवळी," आम्ही म्हणायचो आणि खात्री करायला आणखी एकेक पेला घ्यायचो. वर बाकावर चांगली टोपी घालून सोलांज बसलेली असे.

"यंदा?"

"यंदा नको गं. पुढच्या हंगामात बघू."

ती हातमोजे काढून पिशवीत ठेवायची आणि घरी जायची. आता या वयात खोटं कशाला बोलू? फुकटची वाइन, थंडगार तळघर, बायको चार पायऱ्या वर. पिकली म्हणून सांगणार कोण?

मग एका रविवारी सोलांज स्वतःच खाली उतरली. फिरमँ नेमका घागरीतून पिपात वाइन ओतत होता.

"हे काय चाललंय?"

"भर घालतोय, सोलांजबाई," फिरमँ म्हणाला. "पीप रितं राहिलं की आत हवा शिरते, वाइन आंबते."

"कसली भर?"

"यंदाची, नवीन."

"आणि गेल्या वर्षी?"

"तेव्हाची नवीन."

"पीप कमी का होतं मुळात?"

"थोडी लाकूड पितं," असं म्हणून फिरमँ माझ्या पेल्याकडे बघायला लागला. मी पेला पाठीमागे लपवला.

सोलांज पायरीवर बसली. "म्हणजे माझ्या साखरपुड्याची वाइन तुम्ही कधीच ढोसलीत. दर वर्षी नवी ओतता आणि वर कोवळी म्हणून नाकं मुरडता. अरे, ही पिकणार कधी?"

ओनेझीम पांढराफटक पडला. भर घालणं त्याच्या हाडात होतं. बापानं घातली, आजानं घातली. त्या दोघांची लग्नं वर्षाच्या आत झाली होती, एवढाच फरक.

सोलांज उठून घरी गेली. आम्हाला वाटलं, संपलं. पण ती बाटली घेऊन परत आली. "पीप भरलं त्या दिवशी बाबांनी एक बाटली काढून ठेवली होती. म्हणाले होते, पोरी, जिभेच्या माणसावर भरवसा ठेवू नकोस. चाख. हीही कोवळी म्हणालास, तर माझी टोपी पुन्हा या बाकावर दिसायची नाही."

ओनेझीमनं बूच काढलं. वाइन विटकरी रंगाची, वास वाळक्या पानांचा. त्यानं घोट घेतला आणि किंचाळलाच. "अगं बाई! ही आत्ता, या घटकेला पिकलीय! तासाभरात उतरायला लागेल!"

"मग?"

"मग काय! चल लवकर! सरपंच कुठंय?"

सरपंच लसणीच्या लोण्यातल्या गोगलगाई खात बसले होते. "वेड लागलंय का? लग्नाच्या दहा दिवस आधी कचेरीच्या फळ्यावर नोटीस लावावी लागते."

"लावलेली आहे," सोलांज म्हणाली. "वर्षभरानं बाद होते, म्हणून दर वसंतात नवी लावते. एकवीस लावल्या."

आम्ही रोज त्या फळ्यासमोरून जायचो. एकानंही वाचली नव्हती.

गळ्यातल्या जेवणाच्या रुमालावरच सरपंचकीचा तिरंगी पट्टा चढवून सरपंचांनी लग्न लावलं. ओनेझीमच्या पायात चपला आणि काखेत बाटली. "हो म्हण, उतरतेय!" तो तिला सारखा कोपरानं डिवचत होता. दोघं अर्धा-अर्धा पेला प्यायले. मग पीप अंगणात आणलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं ते कोरडं केलं. भर घालायला कोणी उठलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सवयीनं पेले घेऊन गेलो. तळघराला कुलूप. दारात ओनेझीम वाफाळता पाव खात उभा, पायात कोरे करकरीत बूट.

"काय रे, संसार कसा काय?" मी विचारलं.

त्यानं डोळे मिटले, जीभ घोळवली. "कोवळा आहे," म्हणाला. मग मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण तिच्याजवळ बोलू नका हं. मला असाच आवडतोय."