पृथ्वीवरून पाहता

पुतणी कन्नड गावाहून विद्यापीठात एम.एस्सी.ला आली तेव्हा पडेगावला आमच्याकडे राहिली. प्रकल्पासाठी तिने सूर्यावरचा एक सक्रिय प्रदेश, म्हणजे डाग असलेला खळबळता भाग, निवडला होता. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून ती त्याच्या क्ष-किरणांची तीव्रता रोज मोजत असे. आठवडाभर आलेख चढता राहिला. ज्वाला उठली की रेघ एकदम वर जाई, काही तासांत उतरे. पण आधीच्या पातळीपेक्षा थोडी वरच थांबे. शेवटच्या दोन दिवसांत मात्र ती तळाला गेली.

काम चांगले झाले तर विभागातले सर तिला पीएच.डी.साठी घेणार होते. घरचा होकारही त्यावरच अवलंबून होता.

अहवालाची भाषा तपासायला तिने माझ्याकडे दिली. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी बरीच वर्षे बातम्या कापल्या आहेत. ‘पृथ्वीवरून पाहता’ हे शब्द जवळपास प्रत्येक पानावर होते. आपण दुसरीकडून पाहतो कुठे? मी ते सगळे काढले. निष्कर्षात उरले, ‘प्रदेशाचे क्ष-किरण उत्सर्जन घटले.’ तिने घाईत पुन्हा न वाचता अहवाल दिला.

सरांनी विचारले, “घटलं, की सूर्याबरोबर फिरून तो प्रदेश पलीकडं गेला?” उत्तर तिला माहीत होते. अहवालात नव्हते. पुन्हा लिहून आणा, मग पीएच.डी.चं बघू, असे सर म्हणाले.

“काका, लई कापलंय तुम्ही!” ती घरी येऊन म्हणाली.

“जागा वाचली.”

“सूर्याची अर्धी बाजू कापलीत.”

“यांना यादी दिली तर ‘अर्धा’ कापून अख्खा भोपळा आणतात,” बायको आतून म्हणाली.

सुमारे दोन आठवड्यांनी तो प्रदेश पूर्वेच्या कडेवर परत दिसायला हवा होता, विझला नसेल तर. ती रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसे. एके दिवशी, डाग दिसण्याआधीच, कडेच्या वर तप्त वायूच्या कमानी क्ष-किरणांत उजळलेल्या दिसल्या. आलेख चढला, पण पहिल्या फेरीइतका नाही. म्हणजे आधीची मोठी घसरण कडेआड जाण्याची होती. प्रदेश खरोखर मंदावला होता तो पलीकडे असताना, आणि थोडासाच.

तिने तसे लिहिले. सरांनी तिला घेतले.

नवा अहवाल तिने मला वाचायला दिला, पण बाइंडिंग झाल्यावर. ‘पृथ्वीवरून पाहता’ अकरा ठिकाणी होते.