अकरा रुपये, चार नाणी

गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सानपाड्यातल्या एका बँकेच्या तीन नंबरच्या खिडकीवर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी विकणाऱ्या मावशीवर अन्याय झाला. तिने पुढे केलेली नाण्यांची पिशवी आतल्या साहेबाने दोन बोटांनी मागे सरकवली. "मावशी, एवढी चिल्लर कोण मोजणार? नोटा करून आणा. आणि वास येतोय." सबंध नवी मुंबईत नाण्याची किंमत जिच्याइतकी कुणालाच कळत नाही, तिला हे ऐकवलं! नाणी तिने चिंचेने घासली होती. मात्र वाळवली जवळ्याच्या फडक्यावर, म्हणून वास होता हे खरं. पण वास येतो म्हणून पाचाचे साडेचार होत नाहीत. नव्या मासळी बाजारात तिला ओटा मिळाला होता, अनामत याच बँकेत भरायची मुदत शुक्रवारी संपत होती, आणि नोटा जेवढ्या कमी पडत होत्या तेवढी, वर थोडी जास्तच, भर त्या पिशवीत होती.

मावशी गिऱ्हाइकाला आधी भाव सांगत नाही, नाण्यांचं कोडं घालते. सुटलं तर मूठभर जवळा फुकट, नाही सुटलं तर "कॉलेजची फी परत माग जा!" पाठमोरी असताना डब्यात नाणं टाकलं तरी आवाजावरून ओळखते. एकदा मीच घाईत चुकलो, तर बोंबील साफ करता करता म्हणाली, "पोरा, पाचाच्या जागी दोन टाकलास. महागाईवर भाषन देतस ना?" पेटीवर सुनेने चिकटवलेला स्कॅनर आहे, पण पैसे आल्याचं कळवणारा फोन घरी सुनेकडे. कुणी स्कॅन केलंच तर मावशी त्याला मासळी राखायला बसवते आणि सुनेला विचारून येते. एकदा एका सोसायटीचे चेअरमन अर्धा तास मांजरं हाकलत होते.

मला तिने घातलेलं कोडं असं : "अकरा रुपये, चार नानी, त्यात दोनाचा एक बी नाय." मी तीन दिवस डोकं खाजवलं. उत्तर, दोन पाचाची आणि दोन आठ आण्याची. मी भडकलो. "मावशी, आठ आणे बंद झाले!"

"कुनी केले बंद? सरकारनी नाय केले. तुमी घ्यायचे सोडलेत."

मी घरी जाऊन खात्री केली. बाई बरोबर होती. चार आणे सरकारने बंद केले, आठ आणे आपण.

तर सोमवारच्या अन्यायावर मी त्याच संध्याकाळी पत्रक काढलं, शंभर प्रती. मावशीने वाचून घेतलं, मान डोलावली आणि त्यात मांदेली बांधून दिली. "कागद जाड हाय. आनखी काढ."

मंगळवारी मी भाषण पाठ करून तिच्यासोबत गेलो. तोंड उघडायच्या आत ती साहेबाला म्हणाली, "पैसे नको घेव. पन सांग, अकरा रुपये, चार नानी, दोनाचा एक बी नाय." साहेब हसला, मग हसायचा थांबला. मागच्या रांगेतून उत्तरं आली, सगळी चूक. वॉचमनही बंदूक सांभाळत बोटं मोजू लागला. "होतच नाही," साहेब म्हणाला. मावशीने पिशवी काउंटरवर ओतली. "मग लावून बग." पंधरा मिनिटं तो नाणी लावत होता. दहाची एकीकडे, पाचाची एकीकडे, आठ आणे 'चालत नाहीत' म्हणून बाजूला. मावशीने त्यातलीच दोन उचलून दोन पाचांशेजारी ठेवली.

"आता ढीग तूच लावलेस," ती हळूच म्हणाली, "तर मोजून पन टाक."

मोजले. पावती दिली. आठ आणे तेवढे परत केले, त्यातली ती दोन नाणी मावशीने मला दिली. "ठेव. तुजं भाषन वाया गेलं."

आता ती बाजारात ओट्यावर बसते. डोक्यावर छप्पर, समोर घाईची गिऱ्हाइकं. कोडं ऐकायला कुणी थांबत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांजरं अजून येऊन बसतात. तिने दिलेली दोन नाणी माझ्या खिशात आहेत, चार दुकानांनी नाकारली.

पाचवं दुकान तुमचं असेल. मी हात पुढे करीन. 'बंद झालं' म्हणू नका. घ्या.