लागला की लागेल

माझ्या मामाला गल्लीत सगळे भोंगामामा म्हणतात. लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान आणि त्याहून मोठा त्याचा आवाज, दोन्हींमुळे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्पीकरला कान लावून त्याचे स्वतःचे कान गेले, पण हे मान्य करेल तर शपथ. त्याच्या मते हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. डॉक्टरांनी ऐकायचं यंत्र लावायला सांगितलं, मामीनं त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवले, आणि या पठ्ठ्यानं कानामागे बसवायचं यंत्र कानामागेच टाकलं.

मी त्याच्या दुकानात जळलेल्या कॉइल बदलते. दिवसभर ओरडून बोलते आणि घरी गेल्यावर नवरा विचारतो, भांडतेस का? काय सांगणार त्याला! आवाज खाली यायला जेवणाची वेळ होते.

मामाचा खरा जीव चुंबकांवर. फळीवर जुन्या काळची चुंबकं आहेत, दोन हातांनी उचलावी लागणारी, आणि शेजारी नव्या स्पीकरमधून निघालेली, शर्टाच्या बटणाएवढी. बटणाएवढं चुंबक भलामोठा पाना उचलतं, हा खेळ प्रत्येक गिऱ्हाइकाला बघावाच लागतो. असाच एक टायवाला गाडीचा फाटका स्पीकर घेऊन आला. खेळ बघून म्हणाला, "काका, हे चुंबक ज्या धातूंमुळे एवढं जोरदार होतं ना, तेच आमची कंपनी शोधते." झालं! मामानं त्याला स्टूल दिलं, चहा पाजला आणि स्पीकरची मजुरीही घेतली नाही. मजुरी सोडणं हे आमच्या दुकानात घडत नाही.

कंपनी लहान होती. कुठल्याशा डोंगरावर भोकं पाडून दगड तपासायची परवानगी तिच्याकडे होती आणि शेअर विकायला काढले होते. टायवाल्यानं दिलेलं गुळगुळीत पुस्तक मामानं मामीपुढे ठेवलं आणि यंत्रासाठी ठेवलेले पैसे मागितले.

"दुर्मिळ मृदा," मामानं त्या धातूंचं नाव मोठ्यानं वाचलं.

"मृदा म्हणजे माती ना?" मामी म्हणाली. "मग पैसे मातीत घालायचेत, असं सरळ सांगा की!"

"काय म्हणालीस?"

"मातीत! पैसे! घालायचेत!" समोरचा शिंपी खिडकीतून डोकावला.

मामाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. मोटारी, पंखे, फोन, सगळ्यांना ही चुंबकं लागतात. माल मोजक्याच ठिकाणांहून येतो, म्हणून जो तो नव्या जागा हुडकतोय. मी विचारलं, "कंपनीची खाण आहे का?" तो म्हणाला, होईल. "कमाई?" तीही होईल. "मग सध्या चालते कशावर?" शेअर विकून. माती सापडली तरी तिच्यातून धातू वेगळे काढणं किचकट आणि खर्चाचं, हे पुस्तकातच बारीक अक्षरात होतं. तेही मी वाचून दाखवलं, अर्थात ओरडून.

मामा हसला. "अगं, शोध लागलाय! काल फोनवर त्यानं स्वतः सांगितलं. लागल्यावर कसली भीती? यंत्राचं पुढच्या वर्षी बघू."

शोध लागलाय म्हटल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं. मामी उठून चहाचे कप विसळायला गेली. संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत ती मला म्हणाली, "पैसे बुडाले तर बुडाले गं. पण ओरडून सगळं बोलता येत नाही. नवराबायकोच्या काही गोष्टी शिंप्याला ऐकवायच्या नसतात." मला मामाचा असा राग आला, की त्याचं ते लाडकं चुंबक उचलून गटारात टाकावंसं वाटलं.

टायवाला अर्ज घेऊन आला, तेव्हा मामानं नवा शर्ट घातला होता. पेन हातात घेऊन तो ऐटीत म्हणाला, "शोध लागलाय म्हणून सही करतोय, बरं का. नाहीतर मी असा तसा फसणारा नाही."

टायवाला गोंधळला. "लागलाय? नाही काका. शोध चालू आहे. लागेल, असं म्हणालो होतो मी."

"काय?"

"ला-गे-ल!" मी आणि मामी एकदमच ओरडलो.

मला त्या पोराशी भांडायचं होतं, पण भांडायला जागाच नव्हती. तो पहिल्यापासून खरंच बोलत होता. मामानं पेन खाली ठेवलं. "असे किती डोंगर शेवटी खाण होतात?" त्यानं विचारलं, आणि उत्तर ऐकायला चक्क टेबलावरून पुढे वाकला. "फार थोडे, काका," टायवाला म्हणाला, चांगला मोठ्यानं.

मामाचा चेहरा पडला. मग त्याला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत राहिला. "एका अक्षरानं डोंगर विकत घ्यायला निघालो होतो गं!" तरी हौस म्हणून त्यानं थोडे शेअर घेतलेच, एका बऱ्यापैकी बुटाच्या जोडाला पडतात तेवढ्यांचे. गेले तर जुने बूट घालीन, म्हणाला. बाकीचे पैसे मामीनं पदराआड केले आणि दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं.

यंत्र लावून दोघं परत आली, तेव्हा मी कॉइल गुंडाळत होते. मामाला पंख्याचा आवाज आला, माझ्या चपलांचा आला, शिंप्याच्या मशीनचाही आला, आणि शिंपी एवढा कामसू आहे हे त्याला पहिल्यांदाच कळलं. मामी नेहमीप्रमाणे ओरडली, "चहा घेणार का?" मामा दचकला. "अगं, हळू बोल की!"

मामीनं तोंड उघडलं आणि थांबली. इतक्या वर्षांची सवय, हळू कसं बोलायचं तेच तिला सुचेना. एकदा आवाज पुन्हा मोठा लागला, एकदा नुसतीच हवा निघाली. मामा तिच्याकडे बघत उभा राहिला. मग ती त्याच्या जवळ गेली आणि काहीतरी म्हणाली.

मी चार हातांवर होते, मला ऐकू आलं नाही. मामाला आलं.