पिंजऱ्यावर घासलेली पट्टी

आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाची दोन कामं ठरलेली असायची. पोपटाला "मिठू मिठू बोल" म्हणायचं आणि मला "इंग्लिशमधे काहीतरी बोलून दाखव" म्हणायचं. आम्ही दोघंही गप्प राहायचो. पोपट बोलणाऱ्या जातीचा नव्हता. बाबांनी नागपूरच्या दुकानातून आणलेला तो परदेशी पक्षी होता, मूठभर अंगाचा, हिरव्या गालांचा. मी इंग्लिश शाळेत जायचे, मला बोलता येत होतं, पण पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या मानेला घाम फुटायचा.

वणीला बाबा कोळसा खाणीच्या ऑफिसात आहेत. आमच्या क्वार्टरमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर सोडून दोनच खोल्या, आणि पिंजरा माझ्या खोलीच्या दाराशी टांगलेला. एकदा एक काका आत डोकावत असताना माझ्या हातातली स्टीलची पट्टी चुकून पिंजऱ्याच्या तारांवर घासली गेली. पोपट पंख पसरून असा किंचाळला की काका आल्या पावली मागे फिरले. त्या दिवशी मला कोणी काही बोलून दाखवायला सांगितलं नाही.

त्यानंतर मात्र पट्टी चुकून घासली गेली नाही. गेटची कडी वाजली की मी पट्टी हातात घ्यायचे. पाहुणे हॉलमध्ये टेकले की एकदाच, हळू, खर्रकन. तो किंचाळायचा, तारांना चोचीनं धरून पिंजरा हलवायचा, आणि आई म्हणायची, "बसा इकडेच, त्याच्याजवळ नका जाऊ." मी आत पुस्तक उघडून बसायचे. वर्षभर मी हे केलं. त्याला त्रास होत असेल हे मला कळत नव्हतं, असं मी लिहू शकते. पण कळत होतं. किंचाळून झाल्यावर तो बराच वेळ एका पायावर उभा राहून थरथरायचा, ते मी दर वेळी बघत होते.

घरात त्याच्याजवळ जाऊ शकणारं एकच माणूस उरलं होतं, आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी. थंडीत आई तुरीच्या ओल्या शेंगा उकडायची. मावशी त्यातली एक सोलून दाणे वाटीत टाकायच्या, "घे बा, खाय" म्हणायच्या आणि त्याच्याकडे पाठ करून कामाला लागायच्या. तो वाटीशी यायचा.

एका सकाळी आत्या येणार होत्या. गेट वाजलं आणि कोणी आत येऊन टेकायची वाट न बघताच मी पट्टी घासली. पण आत्या नव्हत्या, दूधवाला होता. पोपट पिसाळला होता. पाचच मिनिटांनी मावशी दाणे घेऊन आल्या. मी टेबलाशी बसले होते. "थांबा मावशी," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, कारण मग का थांबायचं तेही सांगावं लागलं असतं. त्यानं त्यांच्या बोटाचं टोक नखासकट फोडलं.

रक्त ओट्यापर्यंत सांडलं. आईनं हळद लावली, फडकं बांधलं आणि बांधता बांधता म्हणाली, "तुम्हीच काहीतरी खिजवत असाल त्याला. उगाच कोणाला चावेल का?"

"नाई ताई. मुक्या जिवाले मी कायले खिजवू?"

"मग आमच्या मागे तर तुम्हीच असता घरात."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, साक्षीदार म्हणून. मी वहीत मान घातली.

साबणाच्या पाण्यानं ते बोट चिघळलं, नख गेलं. आई म्हणाली, बरं होईपर्यंत नका येऊ. तोवर तिनं दुसरी बाई लावली, आणि मावशींना परत बोलावलंच नाही.

पोपटाला सुधारायचं मी त्या आठवड्यात ठरवलं. पश्चात्ताप म्हणून, असं म्हटलं तर ते बरं दिसेल. खरं तर बाबा त्याला कोणाला तरी देऊन टाकायचं म्हणत होते, आणि त्याचं काय होईल याची मला भीती वाटत होती. मी व्हिडिओ बघितले. रोज ठरलेल्या वेळी पिंजऱ्याजवळ बसायचं. रोखून बघायचं नाही. आवडीचा खाऊ वाटीत टाकून बाजूला व्हायचं. पिसं फुगली की मागे सरायचं, शांत झाला की खाऊ द्यायचा. सूर्यफुलाच्या बिया त्यानं फेकून दिल्या. काजूही फेकला. मग मी तुरीची शेंग उकडली, दाणे टाकले आणि पाठ केली. मागे चोचीचा बारीक आवाज आला. व्हिडिओतली ती परदेशी बाई जे शिकवत होती ते मावशी आमच्याच घरात दोन वर्षं करत होत्या.

पट्टी मी कपाटावर टाकून दिली होती, तरी माझ्या हातात पेन दिसलं की तो ताठ व्हायचा. म्हणून मी रिकामे, उघडे हात दाखवत बसायचे. तीन आठवड्यांनी त्यानं तारेतून दाणा घेतला. मग तळहातावरून. दोनदा चावला. दुखलं, आणि मी हात झटकला नाही. फेब्रुवारीत, शेंगा संपता संपता, तो माझ्या मनगटावर चढला. त्याचे पाय गरम असतात हे मला तेव्हा कळलं.

आई खूश झाली. शेजारच्या काकू आल्या तेव्हा तिनं मला पोपट घेऊन बाहेर बोलावलं. "त्या भांडीवाल्या बाईनं खिजवून खिजवून पार बिघडवला होता हो. हिनं बघा कसा माणसाळवला. पोरीला पेशन्स फार."

काकू म्हणाल्या, "अवो, कामवाल्या बाया अशाच असतात."

पोपट माझ्या हातावर पिसं साफ करत होता. मी हसल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना शोधायला गेले. त्या कॉलनीतच मागच्या लाइनीत काम करत होत्या. एका क्वार्टरच्या मागच्या नळावर कढई घासताना सापडल्या. त्या बोटावर नवं नख वाकडं आलं होतं.

"काहून आली वो पोरी? आई बरी हाये ना?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पट्टीचं, पाहुण्यांचं, त्या सकाळचं. मराठीत सांगताना मधेच शब्द सापडेनात, आणि शेवटी "सॉरी" म्हणाले, जसं शाळेत वही विसरल्यावर म्हणायचो.

त्यांनी कढई पालथी घातली. "आईले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून राह्यली? म्या नाई केलं, हे मले त माईतच हाये." आवाजात राग नव्हता. त्यांनी दुसरं भांडं ओढलं. "या लाइनीतल्या दोन घरी मले काम नाई भेटलं. तुही आई सांगत फिरली, बाई जनावराले त्रास देते म्हणून. जाय आता, मले उशीर होऊन राह्यला."

हे मला माहीत नव्हतं. आई हे फक्त आमच्या हॉलमध्ये सांगते असं मी समजत होते.

मी आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थोडं थांबलं. "झालं ते झालं," ती म्हणाली, "आता कोणापुढे काढू नको. लोक काय म्हणतील?" आणि पोळी तव्यावर टाकली.

रविवारी त्याच काकू आणि मागच्या लाइनीतल्या आणखी दोघी हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला आल्या. आईनं मला हाक मारली. मी पोपटाला पिंजऱ्यातच ठेवलं आणि रिकाम्या हातांनी बाहेर आले. काकूच त्या दोघींना सांगू लागल्या, "अवो, ती बाई याले..."

"मावशींनी नाही," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं. काकूंना नीट ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणली?"

मला तेच पुन्हा, त्या तिघींकडे बघत, मोठ्यानं सांगावं लागलं. "मावशींनी कधीच खिजवलं नाही त्याला. मी खिजवायचे. मुद्दाम. वर्षभर."