दसऱ्याला इंटरनेटची सुट्टी

श्यामलाबाईंनी लंडनमधल्या हॅरोच्या कम्युनिटी हॉलमधल्या चारही कॉम्प्युटरना हळदकुंकू लावलं, माउसवर अक्षता टाकल्या आणि बजावलं, "आज दसरा. हत्यारांना विश्रांती. बटणाला हात लावाल तर याद राखा!"

आणि नेमका त्याच शुक्रवारी, २००४च्या ऑक्टोबरात, मशीनं देणाऱ्या ट्रस्टचा नायजेल फॉर्म घेऊन उगवला. मशीनं कुणी वापरत नसेल, तर परत उचलायची होती.

ही मशीनं बाईंनी दोन वर्षं भांडून मिळवलेली. बत्तीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये बटाटे सोललेली बाई, कॉम्प्युटर शिकली ती स्वतःच, एका बोटाने. इथे लोक नोकरीचे अर्ज भरत, पुण्याचा पेपर वाचत, नातवाचा फोटो उतरेपर्यंत पाऊण तास डोळे लावून बसत.

"मॅडम, झीरो युझर्स," नायजेल म्हणाला.

"झीरो? मग हे अकरा जण काय भुतं आहेत?"

"ते नुसते बसलेत."

"दर्शनाला आलेत!"

सत्तरीचे रघुवीरकाका कुजबुजले, "श्यामलाताई, पाच मिनिटं एखादं लावू या. देव समजून घेईल."

"देव घेईल हो. मी नाही घेणार!"

नऊ वर्षांची सिया म्हणाली, "पण आजी, इंटरनेट कॉम्प्युटरच्या आत थोडंच असतं? ते तर सगळीकडे असतं."

बाई उसळल्याच. "शाब्बास! उठा सगळे. नायजेल, तूसुद्धा. मी या देशात उतरले ना, त्या सुमाराला अमेरिकेत युनिव्हर्सिट्यांनी आपापले कॉम्प्युटर तारेने जोडले. निरोपाचे तुकडे करायचे, मिळेल त्या वाटेने धाडायचे, पलीकडे जुळवायचे. बस, हेच इंटरनेट!"

त्यांनी एका निरोपाच्या चार चिठ्ठ्या केल्या, नंबर घातले आणि हातोहात सोडल्या. नायजेल झाला राउटर. "वाचायचं नाही, फक्त पत्ता बघून पुढे ढकलायचं!" तीन नंबरची चिठ्ठी रघुवीरकाकांनी खिशात घातली. सियाने ओरडून ती पुन्हा मागवली, चारही जुळवल्या आणि वाचलं: "आज मशीन मिळणार नाही."

नायजेल हसला, पण फॉर्मवर त्याने शून्यच लिहिलं. मग घड्याळ बघून चाचरत म्हणाला, "रिपोर्ट ईमेलने पाठवायचाय. ऑफिस लांब, बेसिंगस्टोकला. एक मशीन मिळेल?"

कुणालाच मशीन लागत नाही, हे कळवायला पठ्ठ्याला मशीन हवं होतं!

"सोमवारी या," बाई म्हणाल्या.

"सोमवार शेवटची तारीख आहे!"

"मग लवकर या."

सोमवारी तो नऊला आला. त्याच्यापुढे अकरा जण. मधे घुसायला गेला तर रघुवीरकाकांनी कॉलर धरून मागे उभं केलं. सव्वा तासाने खुर्ची मिळाली, तेव्हा त्याने शून्य खोडून लिहिलं: बारा. खाली वैतागून जोडलं: रांग असह्य आहे, आणखी दोन मशीनं ताबडतोब द्यावीत.