टाकीवरची पिवळी तार

माझं गोव्यात साखळीच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या लाटंबार्शा गावात मला बल्बपासून बोअरवेलपर्यंत सगळ्यातलं कळतं असा समज आहे. एप्रिलमध्ये काकी माझ्याकडे आली ती याच समजापोटी. काकी म्हणजे माझ्या वारलेल्या काकाची बायको. तिची आणि आमची पोफळीची बाग एकाच झरीवर. झरीखाली दोघांची मिळून एक टाकी; सकाळी बूच लावून ती भरू द्यायची, दुपारी चारला एक दिवस आम्ही पाणी सोडायचं, एक दिवस तिनं, अशी आजोबांपासूनची पाळी. पण तिच्या पाळीला टाकी अर्धीच. पोफळी करपत चालल्या होत्या आणि त्यांच्यावरच तिचं घर चालत होतं. आमच्या पाळीचं बाबा बघायचे. तेही म्हणायचे, टाकी भरत नाही, शेजारच्या खाणीनं झरी आटवली. खाणीचं नाव निघालं की आमच्याकडे पुढे कोणी विचार करत नाही. मीही केला नाही.

झरी किती आटते ते मोजू म्हणून मी टाकीच्या झाकणाला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावला. चार तारा. लाल वीज देते, काळी परतीची, हिरवी सेन्सरला आवाज सोडायला सांगते आणि पाण्यावरून परत आलेला आवाज पिवळी तार मोबाईलवर आकडे पाठवणाऱ्या बोर्डाकडे नेते. बोर्डाला ती वीज जास्त होते म्हणून पिवळीवर दोन रेझिस्टर. बाबा शेजारी बसून सगळं विचारत होते.

"हातूंतली उदक कितलें आसा तें सांगपी खंयची?"

पाणी किती ते सांगणारी म्हणून मी पिवळी दाखवली. तार ओढायची नाही, टोकाला धरून काढायची, हेही शिकवलं. सत्तरीतला माणूस एवढा रस घेतो म्हणून मला त्यांचा अभिमान वाटला होता.

मोबाईलवर आकडे येऊ लागले, पण दिवसाआड दोन ते साडेतीन काहीच येईना, आणि नंतर टाकी एकदम अर्धी दिसे; तोही मी बिघाडच धरला. मी तारा बदलल्या, रेझिस्टर बदलले, नवा सेन्सर मागवला, जुना विकणाऱ्याला फोनवर नको नको ते बोललो. पाळी बघून बिघडणारा सेन्सर जगात नसतो, एवढं साधं माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

शेवटी एका दुपारी दुकान बंद करून घरी आलो. सगळा वाडा झोपलेला. टाकीपाशी बाबा. पिवळी तार टोकाला धरून अलगद काढलेली, बूच उघडं, आणि काकीच्या पाळीचं पाणी आमच्या बागेत चाललेलं.

माझं डोकं एरवी लगेच तापतं. त्या दिवशी मी वाकून बूच लावलं. माझ्या बापानं मला फसवलं होतं, तेही मीच शिकवलेल्या हातानं.

"घरची गजाल घरात रवू दी," एवढंच ते म्हणाले आणि तार होती तिथे बसवली.

संध्याकाळी काकी अंगणात आली.

"किते म्हणटा रे तुजें मशीन?"

ओटीवर बाबा सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बिघडलां," मी म्हणालो.

"आसूं दी रे, वायट दिसून घेवं नाका. तुज्या बापायकूच सांगतां, दनपारां थंय बसून राखण कर म्हूण. ताजेर माजो विश्वास आसा."

मशीनच्या जागी दुपारी बाबांनीच टाकीवर लक्ष ठेवावं, हे सांगायला ती ओटीकडे वळली. मी तिला थांबवलं नाही.